आठशे पौंड मीठ

1857 च्या नोव्हेंबरअखेरीस अमेरिकी लष्कराच्या एका उपाशी छावणीत दोन माणसं मीठ घेऊन आली. छावणी आजच्या वायोमिंगमध्ये, जळून काळ्या पडलेल्या फोर्ट ब्रिजरच्या शेजारी होती. मीठ 800 पौंड, म्हणजे साधारण 360 किलो. पाठवणारा सॉल्ट लेकच्या मॉर्मन या धर्मपंथाच्या लोकांचा पुढारी ब्रिगम यंग. याच यंगच्या माणसांनी दोन महिन्यांपूर्वी या सैन्याचं धान्य जाळलं होतं. सोबतच्या पत्रात त्यानं लिहिलं होतं की छावणीत मिठाची टंचाई असल्याचं ऐकलं, म्हणून हे पाठवतो आहे, आणि विषाची शंका वाटली तर आणणाऱ्यांनाच ते खायला लावून खात्री करून घ्यावी. कर्नल अल्बर्ट सिडनी जॉन्स्टननं मीठ ठेवून घेतलं नाही. बंडखोरांकडून आपण भेट स्वीकारत नाही, असा निरोप देऊन त्यानं दोघांना मिठासकट परत पाठवलं.

हा प्रसंग युटाच्या इतिहासात दोन-चार ओळींत उरकला जातो. मला मात्र तो सोडवत नाही. छावणीत तेव्हा काय शिजत होतं ते डोळ्यांसमोर आणून बघावं. भुकेनं आणि थंडीनं पडलेले गाडीचे बैल कापून खाल्ले जात होते. त्या मांसात चरबीचा अंश नाही, नुसते दोरखंडासारखे धागे. ते तासन् तास उकळायचं आणि अळणीच गिळायचं. तिकडे खाऱ्या सरोवराच्या काठावर मिठाचे थर आपोआप साचतात, हवं तेवढं फावड्यानं भरून न्यावं. यंगला त्या मिठाची किंमत शून्य होती आणि छावणीला ते सोन्याच्या मोलाचं होतं, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या भेटीत माणुसकी किती आणि टोचणी किती, हे मला कधीच नीट वेगळं करता आलेलं नाही. जॉन्स्टनचाही नुसता ताठा नव्हता. यंग अजूनही स्वतःला युटा प्रदेशाचा गव्हर्नर म्हणवत होता आणि त्याच अधिकारात लष्कराला परत फिरायला सांगत होता. नवा गव्हर्नर आल्फ्रेड कमिंग बायकोसह याच छावणीत तंबूत कुडकुडत बसला होता. त्याच्या देखत जुन्या गव्हर्नरचं मीठ खाणं म्हणजे जुन्याचा अधिकार मान्य करण्यासारखंच होतं.

पण मुळात एवढं सैन्य नोव्हेंबरात त्या डोंगरात अडकलंच कसं? या भानगडीचं मर्म मला राजकारणापेक्षा गवतात सापडतं.

मिसूरी नदीपासून पश्चिमेला जाणाऱ्या वाटेचं वेळापत्रक गवत ठरवायचं. मे महिन्यात कुरण हिरवं झालं की निघायचं, जुलैत साउथ पास नावाची साडेसात हजार फुटांवरची खिंड ओलांडायची आणि सप्टेंबर सरायच्या आत मुक्काम गाठायचा. हे सैन्य फोर्ट लेव्हनवर्थहून निघालं 18 जुलैला. पुढे सुमारे 1200 मैल. रोज 15 मैल धरले तर 80 दिवस, म्हणजे ऑक्टोबरचा पहिला आठवडा. कागदावर हिशेब बसत होता. पण त्या हिशेबात थांबण्याचा एकही दिवस नव्हता, आणि वाटेवरचं गवत त्या उन्हाळ्यात आधी गेलेल्या तांड्यांनी खाऊन टाकलेलं होतं. सामान वाहण्याचा ठेका रसेल, मेजर्स आणि वॅडेल या कंपनीकडे होता. त्यांच्या एका तांड्यात 26 गाड्या, एका गाडीत अडीच टनांच्या आसपास माल आणि तिला बैलांच्या सहा जोड्या. आपल्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत एक जोडी दीड-दोन टन ऊस ओढते. तिथे बारा बैल लावावे लागत, कारण रस्ता म्हणून काही नव्हतंच. वाळू, ओढे, चढ, आणि वैरण वाटेत मिळेल तेवढीच. तांड्याला तीनशेच्या वर बैल लागायचे, आणि असे कितीतरी तांडे. खेचरांना आणि घोड्यांना नुसत्या गवतावर भागत नाही, त्यांना दाणा लागतो, आणि तो दाणाही गाडीतूनच न्यायचा. बैलाला दाणा नको, म्हणून लांबच्या वाटेला बैल. पण गवत संपलं की चार-सहा दिवसांत तोच बैल जुवाखाली बसतो आणि पुन्हा उठत नाही.

त्यात क्रम चुकला. ठेकेदाराचे तांडे पुढे गेले, पायदळ मागून आणि घोडदळ सगळ्यांत शेवटी. कॅन्सासमध्ये गुलामगिरीवरून रक्तपात चालू होता, म्हणून मूळ सेनापती जनरल हार्नी आणि ड्रॅगून घोडदळ तिथेच रोखून धरलं होतं. ड्रॅगून निघाले सप्टेंबरच्या मध्यावर. पुढे गेलेल्या पायदळाची सूत्रं केवळ ज्येष्ठतेनं कर्नल अलेक्झांडरकडे आली. हार्नीला दिलेल्या सूचना त्याच्या हातात नव्हत्या, त्यामुळे आपण नेमकं काय करायला चाललो आहोत हेही त्याला धड माहीत नव्हतं. ग्रीन नदीच्या परिसरात धान्यानं भरलेले तांडे उभे, आणि त्यांच्या रक्षणाला एकही घोडेस्वार नाही.

राजकारण थोडक्यात सांगतो. मॉर्मन पंथाच्या लोकांना 1838 मध्ये मिसूरीतून हुसकावलं गेलं. तिथल्या गव्हर्नर बॉग्जनं या लोकांना राज्याबाहेर घालवा नाहीतर संपवा, असा लेखी हुकूमच काढला होता. 1844 मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावानं त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला मारलं. 1847 मध्ये ते सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले तेव्हा ती जमीन मेक्सिकोची होती, पुढच्याच वर्षी ती तहानं अमेरिकेची झाली आणि ज्या सरकारपासून ते दूर गेले होते ते पुन्हा त्यांच्या दारात आलं. सरकारनं यंगलाच गव्हर्नर नेमलं. 1852 मध्ये बहुपत्नीत्व हे आपल्या धर्माचं तत्त्व आहे असं त्यांनी उघड जाहीर केलं. त्याच वर्षी ह्यू फिंडले नावाचा त्यांचा स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरला होता, पुढे पुण्याच्या छावणीतल्या गोऱ्या शिपायांत त्यानं काही अनुयायीही मिळवले, पण ते काम फार टिकलं नाही. इकडे युटात वॉशिंग्टनहून आलेले न्यायाधीश आणि यंगची माणसं यांचं एकदाही जमलं नाही. न्यायाधीशांत काही खरोखर नालायक होते. आणि यंगच्या राज्यात चर्च, कायदेमंडळ, नागरी सैन्य, न्यायालय सगळं एकाच मुठीत होतं, हेही तितकंच खरं. 1857 च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती ड्रमंडनं राजीनामा देताना आरोप केला की मॉर्मनांनी न्यायालयाचे दप्तर जाळले. राष्ट्राध्यक्ष बुकॅनननं चौकशी न करता सैन्य धाडलं. यंगला पदावरून काढल्याचं अधिकृत पत्र पाठवलंच नाही, आणि टपालाचा ठेका मात्र रद्द केला.

24 जुलै 1857 ला खोऱ्यात पोचल्याची दहा वर्षं साजरी करायला बिग कॉटनवुड दरीच्या माथ्यावर अडीच हजार माणसं जमली होती. तिथे घोडेस्वारांनी बातमी आणली की सैन्य निघालं आहे. सरकार आपल्याकडे सैन्य पाठवतं आणि आपल्याला सांगत नाही, याचा अर्थ मिसूरीच्या आठवणी असलेल्या माणसांनी काय काढायचा? आपल्याकडे 1857 म्हटलं की त्याच महिन्यांतली दिल्ली आणि कानपूर आठवतं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण अफवा आणि संशय यांचं ते साल होतं खरं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला कॅप्टन व्हॅन व्ह्लीट एकटाच सॉल्ट लेकला आला. सैन्यासाठी चारा, लाकूड आणि धान्य विकत घ्यायचं त्याचं काम. त्याचं आदरातिथ्य झालं, त्याला बागा दाखवल्या, आणि सांगितलं की तुम्हाला एक दाणाही मिळणार नाही. आत शिरलात तर या बागा, घरं, कुरणं आम्हीच जाळू. तो भला माणूस होता. परत जाऊन त्यानं कळवलं की हे लोक बोलतात तसं करतील. 15 सप्टेंबरच्या तारखेनं यंगनं लष्करी कायदा पुकारला.

पुढची लढाई बंदुकीविना झाली. मॉर्मन नागरी सैन्याचा सेनापती डॅनियल वेल्स याचा 4 ऑक्टोबरचा हुकूम एका पकडलेल्या अधिकाऱ्याजवळ सापडला, त्यात सगळी पद्धत लिहिलेली आहे. जनावरं बुजवून पळवा, तांडे पेटवा, सैन्याच्या पुढची आणि बाजूंची सगळी जमीन जाळा, रात्री झोपू देऊ नका, झाडं पाडून वाट अडवा, नदी ओलांडायचे उतार बिघडवा. आणि जीव घेऊ नका. एक वर्ष आधी, 1856 च्या ऑक्टोबरात, हातगाड्या ओढत येणाऱ्या त्यांच्याच दोन उशिराच्या जथ्यांना याच वाटेवर बर्फानं गाठलं होतं आणि दोनशेच्या आसपास माणसं दगावली होती. ऑक्टोबरात तिथे काय होतं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. सैन्याला फक्त तीन आठवडे रखडवायचं होतं, बाकीचं काम बर्फ करणार होता.

फोर्ट ब्रिजर आणि फोर्ट सप्लाय ही स्वतःची ठाणी त्यांनी स्वतः जाळली. 4 ऑक्टोबरच्या रात्री लॉट स्मिथ चाळीसेक स्वार घेऊन ग्रीन नदीवरच्या तांड्यांवर गेला. गाडीवानांना निःशस्त्र केलं, त्यांना त्यांचे कपडे आणि वाटेपुरती शिधा काढून घेऊ दिली आणि गाड्यांच्या कापडी छतांना मशाली लावल्या. दुसऱ्या दिवशी आणखी एक तांडा. सगळ्या मिळून सत्तरहून अधिक गाड्या. लष्कराच्या यादीनुसार त्यात 1,67,900 पौंड पीठ आणि 92,700 पौंड डुकराचं खारवलेलं मांस होतं. शिपायाला रोज 18 औंस पीठ मिळायचं. त्या हिशेबानं दोन हजार माणसांचं जवळजवळ अडीच महिन्यांचं पीठ. वाळलेल्या भाज्यांचे 68,832 शिधे वेगळेच. आणि दोन्ही बाजूंनी कोणी मेलं नाही.

पिठापेक्षा गवत जळालं हे जास्त लागलं. शरद ऋतूतलं पिवळं, वाळलेलं गवत. एक ठिणगी पडली की मैलच्या मैल काळे. बैल एका जागी ठेवावेत तर दोन दिवसांत तिथलं होतं नव्हतं ते संपतं. पांगवावेत तर लॉट स्मिथचे स्वार रात्री येऊन शेकड्यांनी हाकून नेतात. पायदळ घोड्यांच्या मागे धावणार कसं? अलेक्झांडरनं सरळ वाट सोडून हॅम्स फोर्क ओढ्याच्या कडेनं उत्तरेची लांबची वाट धरली, बर्फ पडल्यावर तीही सोडली आणि पुन्हा आल्या वाटेनं खाली आला. त्या जाण्या-येण्यात जनावरांचा उरलासुरला जीव गेला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जॉन्स्टन येऊन मिळाला तेव्हा फोर्ट ब्रिजर फक्त 35 मैलांवर होतं. त्या 35 मैलांना पंधरा दिवस लागले. मागून आलेल्या ड्रॅगूनांच्या 278 घोड्यांपैकी 134 वाटेत मेले, असं त्यांच्या सेनापतीनं, फिलिप सेंट जॉर्ज कुकनं, अहवालात नोंदवलं आहे. पोचल्यावर बघतात तर किल्ल्याच्या जागी जळके दगड. तिथेच कॅम्प स्कॉट वसली. ओढायला जनावर उरलं नव्हतं, म्हणून शिपाई स्वतः गाडीला जुंपून घेऊन डोंगरातून जळण आणायचे.

मिठाची पोती आली ती अशा वेळी.

त्याच आठवड्यात, 24 नोव्हेंबरला, कॅप्टन रँडॉल्फ मार्सी साठ-पासष्ट माणसं घेऊन जनावरं आणायला न्यू मेक्सिकोकडे निघाला होता. वाटेत कोलोराडोतले डोंगर. बर्फ इतकं, की पुढची माणसं हातापायांवर रांगत वाट दाबायची आणि मागून खेचरं त्यावरून जायची. पुढचे थकले की मागचे पुढे. शिधा संपल्यावर मरायला टेकलेली खेचरं मारून खाल्ली. मीठ तर नव्हतंच. मार्सीनं पुढे लिहून ठेवलं आहे की मांसाची वरची बाजू करपवून त्यावर थोडी बंदुकीची दारू भुरभुरायची, म्हणजे मीठमिरीचा भास व्हायचा. जानेवारीत ते पलीकडे पोचले. एक माणूस दगावला, 66 पैकी 44 खेचरं गेली.

या लढ्याला रक्ताविना झालेलं युद्ध म्हणायची एक पद्धत पडली आहे. मला ती मान्य नाही. धान्य राखून ठेवा, वाटसरूंना विकू नका, असा हुकूम ऑगस्टमध्ये गावोगाव गेला होता. त्याच दिवसांत आर्कान्सॉहून कॅलिफोर्नियाला चाललेला एक तांडा दक्षिण युटातून जात होता. पैसे असून त्यांना कोणी पीठ देईना, कुरणावरून बोलाचाली होऊ लागल्या, आणि सैन्याच्या भीतीनं आधीच तापलेल्या गावांना ही माणसं शत्रूची वाटू लागली. 7 सप्टेंबरला माउंटन मेडोज या कुरणात त्यांना घेरलं गेलं. 11 तारखेला स्थानिक नागरी सैन्याची माणसं पांढरं निशाण घेऊन पुढे आली, संरक्षणाचं वचन दिलं, शस्त्रं खाली ठेवायला लावली आणि बाहेर काढून सुमारे 120 जणांना मारलं. त्यांनी पाययुट या तिथल्या आदिवासी जमातीच्या काही लोकांनाही सोबत घेतलं होतं आणि नंतर सगळा दोष त्यांच्यावरच ढकलला. सतरा लहान मुलं तेवढी ठेवली. जी सांगू शकणार नाहीत इतकी लहान. तांड्याला जाऊ द्या, असं यंगचं पत्र घेऊन आलेला स्वार 13 तारखेला पोचला. या सगळ्याबद्दल शिक्षा झाली ती फक्त जॉन ली या एकाला, तीही 1877 मध्ये, वीस वर्षांनी, त्याच कुरणात गोळ्या घालून. सैन्यासाठी लिहिलेलं ‘जीव घेऊ नका’ हे वाक्य वाचताना मला ही तारीख बाजूला ठेवता येत नाही. ज्यांना या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांनाच सगळ्यांत जास्त सोसावं लागलं.

मार्ग काढला एका तिऱ्हाइतानं. थॉमस केन हा फिलाडेल्फियाचा, मॉर्मनांचा जुना मित्र पण त्यांच्या पंथाचा नव्हे. प्रकृती तोळामासा. समुद्रानं पनामा, तिथून कॅलिफोर्निया, आणि तिथून खुष्कीनं तो 1858 च्या फेब्रुवारीत सॉल्ट लेकला पोचला, मग बर्फातून कॅम्प स्कॉटला गेला. यंगनं त्याच्यामार्फत 200 गुरं आणि 15 ते 20 हजार पौंड पीठ देऊ केलं. जॉन्स्टननं तेही नाकारलं. केननं मग जॉन्स्टनचा नाद सोडला आणि गव्हर्नर कमिंगला गाठलं: सैन्य इथेच राहू द्या, तुम्ही एकटे चला. कमिंग निघाला. 12 एप्रिलला तो सॉल्ट लेकमध्ये शिरला, त्याला गव्हर्नर म्हणून मान मिळाला, आणि त्यानं बघितलं तर न्यायालयाचे दप्तर शाबूत. सैन्य पाठवण्याच्या कारणांतलं एक मोठं कारण खोटं होतं, आणि ते एका माणसानं जाऊन बघितल्यावर कळलं.

तरी विश्वास बसला नव्हता. मार्चअखेरपासून सॉल्ट लेक आणि उत्तरेकडची गावं रिकामी होऊ लागली होती. तीस हजारांच्या आसपास माणसं दक्षिणेला प्रोव्होकडे निघाली. घराघरात गवत भरलं, आग लावायला मोजके पुरुष मागे ठेवले. पाच वर्षं बांधकाम चाललेल्या त्यांच्या मंदिराचा पाया मातीनं बुजवून वर नांगर फिरवला, म्हणजे दिसावं नुसतं शेत. प्रोव्होच्या तळ्याकाठी लोक गाड्यांखाली, तंबूत, जमिनीत खणलेल्या खोपटांत राहिले. पेरणीचे दिवस होते. मागे हिरवी होत असलेली पिकं, आणि ती आपल्याच माणसांनी जाळायची की कापायची, हे ठरायचं होतं. बुकॅननचा माफीनामा 6 एप्रिलच्या तारखेचा. तो घेऊन दोन प्रतिनिधी 7 जूनला पोचले. मॉर्मनांनी माफी घेतली, बंड केल्याचं मात्र मान्य केलं नाही. 26 जूनला सैन्य त्या निर्मनुष्य शहरातून दिवसभर चालत गेलं आणि थांबलं नाही. दहा वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या लढाईत मॉर्मन पलटणीचं नेतृत्व केलेला कुक डोक्यावरची हॅट हातात धरून गेला, असं सांगतात. जुलै लागताच लोक घरी परतले.

सैन्यानं चाळीसेक मैलांवर कॅम्प फ्लॉइड उभारलं. 1861 मध्ये यादवी युद्धासाठी ते उठवलं गेलं आणि सुमारे 40 लाख डॉलर्सचं सामान लाखभर डॉलर्सना लिलावात गेलं. घेणारे बहुतेक मॉर्मनच. ज्या पिठासाठी तांडे जाळले, तसलंच पीठ मातीमोलानं त्यांच्या कोठारात आलं. ठेकेदार कंपनीला जळलेल्या गाड्यांची भरपाई मिळाली नाही आणि ती बुडाली. जॉन्स्टन दक्षिणेच्या बाजूनं लढला, आणि बंडखोरांचं मीठ नाकारणारा तो 6 एप्रिल 1862 ला शायलोच्या रणात स्वतः बंडखोरांचा सेनापती म्हणून पडला.

सैन्यानं जे झालं नाही ते नंतर कायद्यांनी केलं. बहुपत्नीत्वाविरुद्ध 1862, 1882, 1887 असे एकाहून एक कडक कायदे आले. शेवटच्यानं चर्चची मालमत्ता घेतली, आणि युटातल्या बायकांना 1870 पासून असलेला मताधिकारही काढून घेतला. ज्यांच्या सुटकेसाठी कायदा करतो म्हणत होते, त्यांचाच. 1890 मध्ये चर्चनं बहुपत्नीत्व सोडत असल्याचं जाहीर केलं, 1896 मध्ये युटा राज्य झालं. त्याच 1890 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आयडाहोच्या एका खटल्यात, डेव्हिस विरुद्ध बीसनमध्ये, म्हटलं की कायदा श्रद्धेत हात घालू शकत नाही, कृतीत घालू शकतो. हे तत्त्व 1951 मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयात पोचलं. हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करायला बंदी घालणारा मुंबई प्रांताचा 1946 चा कायदा नरसू अप्पा माळी खटल्यात कसाला लागला होता, आणि न्यायमूर्ती छगलांनी तो वैध ठरवताना हा निवाडा आधाराला घेतला. मुंबईत तो जिथे वापरला ती जागा मला योग्य वाटते, तिथे खरोखरच कृतीबद्दल प्रश्न होता. आयडाहोत मात्र, श्रद्धेला हात लावणार नाही म्हणत म्हणत, ज्यानं एकच लग्न केलं होतं पण जो त्या चर्चचा सभासद होता अशा माणसाचंही मत काढून घेणारी शपथ न्यायालयानं वैध ठरवली होती.